‘कशाच्या तुलनेत?’ : संशोधनाची बातमी वाचताना

करवीर तालुक्यात नदीकाठी शेती असलेल्या माझ्या मावसभावाने तीन हंगामांपूर्वी उसाला एक नवे द्रवरूप खत दिले. नदीकडच्या मळीच्या, म्हणजे गाळाच्या, रानातल्या एका एकराला ते सोडले, माळाकडच्या एकराला नेहमीचाच डोस ठेवला आणि तोड झाल्यावर कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्या घेऊन तो कोल्हापुरात माझ्या घरी आला. खत दिलेल्या एकरातून १२ टन ऊस जास्त निघाला होता. मी गेली २६ वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून त्याला माझ्याकडून शिक्कामोर्तब हवे होते. पावत्यांत काही खोट नव्हती. पण मळीच्या रानात टनेज दर साल जास्तच पडते. तिथली माती खोल आहे आणि उन्हाळ्यात पाण्याची पाळी लांबली तरी ऊस तग धरतो. ते खत दिले नसते तर त्याच एकरातून किती ऊस निघाला असता, हा आकडा कळल्याशिवाय खताला श्रेय देता येत नव्हते, आणि तो आकडा कोणत्याही पावतीवर नव्हता.

संशोधनाच्या बातम्या आपण रोज वाचतो. अमुक औषधाने मृत्यू एक तृतीयांशाने घटले, संगणकाने प्रथिनांचे कोडे सोडवले, पाणिनीच्या व्याकरणातली अडीच हजार वर्षांची गाठ सुटली, पावसाचे स्वरूप बदलले. या बातम्या वेगवेगळ्या विद्याशाखांतून येतात, तरी प्रत्येकीच्या मुळाशी असाच एक पावतीवर नसलेला आकडा असतो. जे घडले त्याच्या शेजारी, एरवी काय घडले असते याचा अंदाज ठेवावा लागतो, आणि तो अंदाज कसा मिळवला यावर संशोधनाची किंमत ठरते. त्या विषयाची पदवी नसलेल्या वाचकालाही ‘कशाच्या तुलनेत?’ असा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायची सवय आपल्याकडे रुजावी असे मला मनापासून वाटते.

या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर शेतातच सापडले. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात १९१९ मध्ये रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगाचे रान लहान लहान तुकड्यांत विभागून, कोणत्या तुकड्याला खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवण्याची पद्धत रूढ केली. माणसाने स्वतः तुकडे निवडले तर त्याला माहीत असलेले फरक तो सांभाळतो, पण जमिनीखालचा मुरूम किंवा जुन्या उकिरड्याची जागा यांसारखे माहीत नसलेले फरक त्याच्या हातून निसटतात. चिठ्ठी मात्र माहीत असलेले आणि नसलेले असे सगळेच फरक दोन्ही बाजूंना वाटून टाकते. शिवाय निव्वळ नशिबाने किती फरक पडू शकतो, याचा हिशोबही त्यामुळे मांडता येतो.

पुढच्या लागणीला आम्ही मळीच्याच रानात दीड एकरात पाच-पाच गुंठ्यांचे १२ पट्टे पाडले आणि भावाच्या मुलीने डब्यातून सहा चिठ्ठ्या उचलल्या. बारातून सहा पट्टे निवडण्याचे ९२४ प्रकार होतात. खत अगदी निरुपयोगी असले, तरी खताचे सहाही पट्टे उरलेल्या सहांपेक्षा सरस ठरण्याची शक्यता ९२४ मध्ये एक एवढी असते. तसे घडले असते तर नशिबावर हवाला ठेवणे अवघड झाले असते. दोन पट्ट्यांच्या सीमेवरच्या सरी आम्ही वजनात धरल्या नाहीत, कारण पाण्याबरोबर खत शेजारी सरकते. प्रत्येक पट्ट्याचा ऊस वेगळ्या ट्रॉलीत भरायचा होता आणि त्यासाठी तोडणी टोळीच्या मुकादमाला पुन्हापुन्हा विनवावे लागले, कारण अर्धवट भरलेली ट्रॉली काट्यावर नेणे कोणालाच परवडत नाही. अखेर दोन्हीकडच्या सरासरीत एकरी दीड टनाचा फरक आला आणि खताविनाचे दोन पट्टे खताच्या चार पट्ट्यांपेक्षा वरचढ निघाले. आधीच्या १२ टनांपैकी बहुतेक टन खताचे नव्हते, मळीच्या मातीचे होते.

हीच पद्धत पुढे रुग्णालयात गेली. ब्रिटनमध्ये १९४८ साली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली, तेव्हा १०७ रुग्णांची विभागणी बंद पाकिटांच्या आधारे झाली होती. ५५ जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना फक्त विश्रांती. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले होते. ज्यांना औषध दिले नाही त्यांच्यावर हा अन्याय नव्हता का, असा प्रश्न विद्यार्थी दर वर्षी विचारतात आणि तो विचारायलाच हवा. त्या वेळी ब्रिटनकडे औषधाचा साठाच इतका तुटपुंजा होता की बहुतेक रुग्णांना ते मिळणार नव्हते. त्यामुळे असलेला साठा शक्य तितके ज्ञान हाती येईल अशा रीतीने वापरणे, हाच त्यातला न्याय्य मार्ग ठरला. त्याच चाचणीत हेही दिसले की अनेक रुग्णांच्या शरीरातले जंतू काही काळाने औषधाला दाद देईनासे होतात.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोविडच्या साथीत, कोल्हापुरातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर प्लाझ्मादात्यांच्या शोधाचे संदेश फिरत होते. मीही ते पुढे पाठवले, रात्री अकराला अनोळखी माणसांना फोन केले. बरे झालेल्या रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे आजारी माणसाला द्यावीत, ही कल्पना तर्काला पटणारी होती आणि प्लाझ्मा दिल्यावर बरे झालेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर होती. पण त्याच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर २०२० मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला होता. आजार गंभीर होण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा दिलेल्या गटात १९ टक्के आणि न दिलेल्या गटात १८ टक्के होते. म्हणजे आपल्यासमोर बरी झालेली माणसे प्लाझ्माविनाही तितक्याच संख्येने बरी झाली असती. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचार मार्गदर्शक सूचनांतून वगळण्यात आला. त्या रात्रींची धावपळ प्रेमापोटी होती याबद्दल शंका नाही. पण ज्या ज्ञानामुळे ती टळली असती ते छापून झाले होते आणि आपल्यापर्यंत पोहोचले नव्हते, याची मला आजही हळहळ वाटते.

त्याच साथीतील डेक्सामेथासोनचे उदाहरण तुलनेचा आणखी एक पैलू दाखवते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केले की या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. बातमीचा मथळा तेवढाच होता. मूळ निबंधात मात्र रुग्णांचे तीन गट पाडलेले होते. व्हेंटिलेटरवरील रुग्णांत मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारांत ४१.४ टक्के आणि औषध दिल्यावर २९.३ टक्के होते. म्हणजे शंभर रुग्णांमागे १२ जीव वाचले. फक्त ऑक्सिजन लागलेल्या रुग्णांत ते २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आले, म्हणजे शंभरांमागे तीन. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात नेहमीच्या उपचारांत १४.० टक्के आणि औषध दिलेल्यांत १७.८ टक्के मृत्यू झाले. तिथे फायदा दिसला नाही आणि कल असलाच तर अपायाकडे होता. एकच गोळी आजाराच्या तीन पायऱ्यांवर तीन तऱ्हेने वागत होती. मथळा वाचून घरच्या घरी ती सुरू करणाऱ्यांना या तिसऱ्या ओळीची माहिती नव्हती. पुढच्या वर्षी म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले तेव्हा अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा अवाजवी वापर हेही एक महत्त्वाचे कारण असल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. म्हणून औषधाच्या बातमीत ‘इतक्या टक्क्यांनी घट’ असे दिसले की मी आधी पाहतो, शंभरातून किती जणांचे किती झाले आणि ते शंभर जण कोण होते.

तुलना दर वेळी रुग्णालयातच करावी लागते असे नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार काम केलेल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू सुमारे ६२ वरून सुमारे २५ वर आले, तर तुलनेच्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. ही दुसरी रांग नसती, तर रस्ते झाले, उत्पन्न वाढले, म्हणून मृत्यू घटले असे कोणीही म्हणू शकले असते. आज आपल्या गल्लीत आशाताई बाळंतिणीच्या घरी येऊन बाळाचे वजन करतात, त्या कार्यक्रमाचे मूळ या ८६ गावांत आहे.

पण कित्येक प्रश्नांत चिठ्ठ्या टाकता येत नाहीत आणि गावे निवडताही येत नाहीत. अशा वेळी परिस्थितीने आपोआप पाडलेले गट शोधावे लागतात, आणि त्याचा अलीकडचा एक विलक्षण नमुना गिधाडांचा आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक १९९० च्या दशकात स्वस्त झाले आणि गुरांना सर्रास दिले जाऊ लागले. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक संपली होती. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात विचारले, की याचा माणसांवर काय परिणाम झाला? पूर्वी गिधाडांना अनुकूल असलेले जिल्हे आणि मुळातच गिधाडे फारशी नसलेले जिल्हे यांतील मृत्युदर त्यांनी शेजारी ठेवले. औषध स्वस्त होण्याआधी दोन्हीकडच्या रेषा बरोबरीने चालत होत्या. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतली रेषा वर गेली. त्यांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले. मेलेली जनावरे उघड्यावर कुजणे, भटकी कुत्री वाढणे आणि पाणी दूषित होणे, अशी साखळी ते त्यामागे मांडतात. चिठ्ठीइतकी ही तुलना निर्विवाद नसते. त्याच जिल्ह्यांत त्याच काळात आणखी काही बदलले असेल, ही शंका शिल्लक राहते. म्हणून अशा निबंधात आधीच्या वर्षांतल्या रेषा खरोखर बरोबरीने चालत होत्या का, ते पान मी सर्वांत आधी उघडतो.

तंत्रज्ञानात तुलनेची जागा बंद पाकिटातली प्रश्नपत्रिका घेते. अमिनो आम्लांच्या साखळीवरून प्रथिनाचा त्रिमितीय आकार सांगण्यासाठी १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक स्पर्धा होते. प्रयोगशाळेत नुकतेच उलगडलेले, पण अजून जाहीर न केलेले आकार तिथे प्रश्न म्हणून दिले जातात. २०२० मध्ये ‘अल्फाफोल्ड’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने त्यात शंभरपैकी ९२ च्या आसपास मध्यक गुण मिळवले. त्या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. उत्तर कोणाही स्पर्धकाला आधी ठाऊक नव्हते, म्हणून हे गुण विश्वासार्ह ठरले. याउलट, एखादी कृत्रिम बुद्धिमत्ता क्ष-किरण चित्रांवरून ‘९८ टक्के अचूक’ निदान करते असे वाचले, तर शिकवणीतील आणि परीक्षेतील चित्रे वेगवेगळ्या रुग्णांची होती का, हे तपासायला हवे. एकाच रुग्णाची दोन चित्रे दोन्हीकडे गेली, की पेपर फुटलाच म्हणायचा. जुलै २०२३ मध्ये कोरियातून सामान्य तापमानाला चालणाऱ्या अतिसंवाहकाचा, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणाऱ्या पदार्थाचा, दावा आला, तेव्हा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह जगातल्या अनेक ठिकाणी तोच पदार्थ बनवून पाहिला गेला आणि त्या तापमानाला कोणालाही अतिसंवाहकता दिसली नाही. विजेच्या रोधात अचानक झालेल्या घटीचे कारण त्यात मिसळलेले कॉपर सल्फाइड निघाले.

उद्योगाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या माणसांना हे माझ्यापेक्षा चांगले कळते. साच्याच्या वाळूत नवे मिश्रण घालून रिजेक्शन निम्म्यावर आले, असे कोणी सांगितले तर आधीचे आकडे पावसाळ्यातले आणि नंतरचे मार्चमधले नाहीत ना, हे पाहावे लागते. आपल्याकडच्या पावसात वाळूतला ओलावा सांभाळणे कठीण जाते, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूच्या पोकळ्या, वाढतात आणि हवा कोरडी झाली की ते आपोआप कमी होतात.

साहित्य-संशोधनात प्रयोग कसला, असे वाटेल; पण तुलनेची शिस्त तिथे सर्वांत जुनी आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांचा विचार असा होता, की काश्मीरची शारदा लिपीतील पोथी आणि केरळची मल्याळम लिपीतील पोथी यांचा एकमेकींशी संपर्क येण्याची शक्यता फार कमी. मग दोन्हींत एकच पाठ सापडला तर तो दोघींच्या सामाईक पूर्वजाकडून आलेला, म्हणून जुना मानावा. जो भाग एखाद्याच प्रदेशातल्या पोथ्यांत दिसतो तो नंतरचा असण्याचा संभव अधिक. याच कसोटीवर गणपती महाभारताचा लेखनिक झाल्याची, आपल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक असलेली कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात गेली. श्रद्धेच्या विषयात इतक्या शांतपणे हे काम करणाऱ्या त्या पिढीबद्दल मला अपार आदर आहे.

पाणिनीची बातमी डिसेंबर २०२२ मधली. केंब्रिजचे ऋषी राजपोपट यांनी ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’ या सूत्राचा नवा अर्थ मांडला. दोन नियम एकाच वेळी लागू होत असतील तर अष्टाध्यायीच्या क्रमात नंतर येणारा नियम घ्यावा, असा परंपरेचा अर्थ होता; राजपोपट यांच्या मते ‘पर’ म्हणजे शब्दाच्या उजव्या बाजूच्या भागाला लागू होणारा नियम. वर्तमानपत्रांनी कोडे सुटल्याचे जाहीर केले. परंतु अनेक संस्कृत अभ्यासकांनी तो अर्थ मान्य केलेला नाही आणि वाद अजून चालू आहे. नव्या अर्थाने किती शब्दरूपे अपवादांविना सिद्ध होतात आणि परंपरेच्या अर्थाने किती, हे रूपागणिक शेजारी ठेवून तपासणे म्हणजेच इथला प्रयोग, आणि तो मथळ्यांच्या वेगाने होत नाही.

छापून आले म्हणजे सिद्ध झाले, असेही समजू नये. नियतकालिकाने नेमलेले समीक्षक निबंधातली मांडणी तपासतात. मूळ नोंदी ते बहुधा पाहत नाहीत. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’ने ६७१ रुग्णालयांतील ९६ हजार रुग्णांच्या माहितीवर आधारलेला, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध कोविडच्या रुग्णांना घातक असल्याचे सांगणारा निबंध छापला, आणि ती माहिती तपासायला मिळत नाही हे स्पष्ट झाल्यावर ४ जून रोजी तो मागे घेण्यात आला. अशा प्रकारांना आळा घालणारी एक साधी व्यवस्था आपल्या देशातही आहे. २००९ पासून औषधांच्या चाचण्या सुरू होण्यापूर्वीच भारतीय चाचणी नोंदवहीत त्यांची नोंद करणे बंधनकारक आहे. ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर पाहता येते आणि कशाची कशाशी तुलना करणार, कोणता निकाल मोजणार, हे तिथे आधीच लिहिलेले असते. बाण मारून झाल्यावर त्याभोवती वर्तुळ काढण्याची सोय त्यामुळे राहत नाही.

पर्यावरणाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण इथे तुलनेसाठी दुसरी पृथ्वी नाही आणि दुसरी पंचगंगाही नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. ही भूतकाळाची वर्तमानाशी तुलना आहे आणि ती एका मोठ्या प्रदेशाबद्दल बोलते. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी असताना ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. त्यातला किती वाटा बदललेल्या हवामानाचा, हे त्या निबंधावरून सांगता येत नाही. त्यासाठी संगणकावर दोन जगे चालवावी लागतात, एक आजचे आणि एक वातावरणात माणसाने भर टाकलेले वायू वजा केलेले. जुलै २०२४ च्या वायनाडमधील भूस्खलनानंतर शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने याच रीतीने अंदाज काढला, की त्या दिवसाचा पाऊस हवामानबदलामुळे सुमारे १० टक्क्यांनी जास्त पडला. डोंगराळ आणि लहान प्रदेशात या आकड्याची अनिश्चितता मोठी असते, हेही त्यांनी त्याच अहवालात लिहिले.

आपल्या पुराच्या बाकीच्या कारणांनाही हीच रीत लागू पडते. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्याने पाणी तुंबते का, शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव किती पाणी अडवतो, या प्रश्नांवर प्रत्येक पावसाळ्यात कट्ट्याकट्ट्यावर वाद होतात. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये आलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही. ते सगळ्यांना पटलेले नाही, आणि न पटणाऱ्यांनी मागावी अशी गोष्ट एकच आहे: तोच पाऊस, राधानगरीच्या दरवाजांतून सुटलेले तेच पाणी नदीच्या संगणकी प्रतिमानात (मॉडेलमध्ये) घालून एकदा धरण किंवा भराव ठेवून आणि एकदा काढून, प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत प्रत्येक ठिकाणी किती फुटांचा फरक पडतो त्याचे दोन रकाने. ते प्रतिमान खरे बोलते की नाही, हे ठरवण्यासाठी मात्र पाणी प्रत्यक्षात कुठवर आले होते याच्या पक्क्या खुणा लागतात. जामदार क्लबच्या पुढे, शुक्रवार पेठेतल्या जुन्या भिंतींवर लोकांनी २००५, २०१९ आणि २०२१ च्या रेघा रंगवून ठेवल्या आहेत. घराला नवा रंग देताना त्या पुसण्याआधी त्यांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून, तारखेसह लिहून ठेवायला हवी.